शहर नियोजनाचा वर्ग वस्तीत नेताना: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की शहर नियोजन आणि लोकांचं सक्षमीकरण हा विषय विद्यापीठात शिकवताना किंवा शिकताना ज्या अडचणी येतात त्या लिहून पाठवा, आणि ज्यांच्या वस्तीत असे विद्यार्थी येतात त्यांनीही लिहा. प्राध्यापकांची पत्रं येणार हे माहीत होतं, पण वस्तीतल्या लोकांचीही बरीच आली, त्याचा मला फार आनंद झाला कारण या विषयात त्यांचं म्हणणं शेवटी आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं. नावं काढून टाकली आहेत आणि सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मॅडम, मी नवीनच लागलोय आणि पुढच्या सेमिस्टरला हा कोर्स माझ्याकडे आलाय. जुना सिलॅबस मिळाला त्यात जवळजवळ पूर्ण सेमिस्टर थिअरी आणि शेवटच्या आठवड्यात एक फील्ड व्हिजिट असं आहे. सुरुवात कुठून करू?

आधी तो क्रम मोडा. मुलं अख्खं सेमिस्टर सहभाग, सर्वसमावेशकता, शाश्वत विकास हे शब्द ऐकतात आणि शेवटी वस्तीत जातात तेव्हा त्यांना समोरचं काही दिसतच नाही, आधी पाठ केलेल्या शब्दांची उदाहरणं तेवढी दिसतात. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या आठवड्यात त्यांना बाहेर काढा, हातात प्रश्नावली न देता, नुसतं चालायला आणि ऐकायला.

पहिल्या तासाला मी एक जाहीर नोटीस देते वाचायला. कुठल्याही शहराची चालते, रस्ता रुंद करायचाय किंवा नवा आराखडा आलाय, लोकांनी हरकती पाठवाव्यात, अशी. मग नुसते प्रश्न. ही कोणत्या भाषेत लिहिलीय आणि ती भाषा तिथे किती जणांना वाचता येते? कुठे लावली होती? सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला आहे, मग रोजंदारीवर जाणारा माणूस तिथे कसा येणार? सोबतचा नकाशा कोणत्या स्केलचा आहे, त्यात माणसाला आपलं घर तरी सापडेल का? आणि ही नोटीस निघाली त्या दिवशी काय काय आधीच ठरून गेलेलं होतं? या शेवटच्या प्रश्नावर वर्ग एकदम शांत होतो, कारण नीट वाचलं की कळतं, रस्ता होणार हे ठरलंय, किती रुंद तेही ठरलंय, लोकांना विचारायचं ते फक्त झाडं कुठे लावायची.

आर्नस्टीनची शिडी यानंतर आणा, आधी नको. शेरी आर्नस्टीन या अमेरिकन सरकारच्या गृहनिर्माण आणि शहर विकास खात्यात काम करून आलेल्या बाई, त्यांनी 1969 साली नागरिकांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच, लोकांना वळवून घेणं आणि त्यांची समजूत काढणं चालतं. मधल्या तीन म्हणजे माहिती देणं, मत विचारणं, एखाद्या-दुसऱ्याला समितीत घेणं, इथे ऐकून घेतात पण ऐकलंच पाहिजे असं बंधन कोणावर नसतं. वरच्या तीन म्हणजे भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि थेट लोकांचं नियंत्रण. बहुतेक ठिकाणी ही शिडी फळ्यावर काढतात, मुलं उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात, संपलं. त्याऐवजी मुलांनाच विचारा की आपली नोटीस कितव्या पायरीवर बसते, आणि भांडू द्या त्यांना. तिसरी की चौथी यावर जो वाद होतो ना, त्यात निर्णय कोण घेतो हा प्रश्न डोक्यात पक्का बसतो आणि माझ्या मते सगळा कोर्स त्या एका प्रश्नावर उभा आहे.

अजून एक, प्रुइट-आयगो ही अमेरिकेतली सरकारी घरांची वसाहत शिकवणार असाल तर पूर्ण शिकवा. सेंट लुइस शहरात 1950 च्या दशकात अकरा-अकरा मजल्यांच्या 33 इमारती बांधल्या आणि 1972 पासून त्या पाडायला सुरुवात झाली, एवढं सांगून डिझाइन चुकलं म्हणून लोक मोकळे होतात. पण देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून भागवायचा असं ठरलेलं होतं, शहराची लोकसंख्या कमी होत गेली, घरं रिकामी राहिली, भाडं येईना आणि मग लिफ्ट बंद, पाइप फुटलेले. हे पैशाचं गणित तिथे राहणाऱ्यांना विचारून केलेलं नव्हतं. मुलांना इमारतीचा फोटो दाखवा आणि बजेटही दाखवा.

प्रश्न: आमच्या वस्तीत दरवर्षी कॉलेजची मुलं येतात. फॉर्म भरून घेतात, घराचे फोटो काढतात, चहा पितात, जातात. पुढच्या वर्षी दुसरी येतात आणि तेच प्रश्न. आम्हाला आजवर एक कागद परत मिळालेला नाही. त्यांना येऊ द्यावं की नाही?

दादा, तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, हे आधी. तुमचं घर म्हणजे कोणाची प्रयोगशाळा नाही. पण दार बंद करण्याआधी अटी घालून बघा असं मी सुचवेन, कारण अटी घातल्याने काय होतं याचं एक चांगलं उदाहरण आहे. वर सेंट लुइस म्हटलं त्याच्या समोर, मिसिसिपी नदीपलीकडे ईस्ट सेंट लुइस नावाचं वेगळं शहर आहे, कारखाने बंद पडल्यावर अगदी मोडकळीला आलेलं. तिथे 1980 च्या दशकाच्या शेवटी इलिनॉय विद्यापीठाने काम सुरू केलं आणि पहिल्या काही वर्षांत तुमच्यासारखीच तक्रार पुढे आली, की हे लोक येतात, आम्हाला आधीच माहीत असलेल्या अडचणी रिपोर्टमध्ये लिहितात आणि निघून जातात. 1990 मध्ये केन रिअर्डन नावाचे नियोजनाचे प्राध्यापक तिथे गेले तेव्हा रहिवाशांनी सरळ अटी ठेवल्या. कोणता प्रश्न हातात घ्यायचा ते आम्ही ठरवणार, विद्यापीठ नाही आणि पैसे देणारी संस्थाही नाही. प्रत्येक टप्प्यावर आम्ही सोबत असणार. एक सेमिस्टर नाही, किमान पाच वर्षं यायचं. आणि तुम्ही गेल्यावर काम पुढे चालवेल अशी आमची स्वतःची संघटना उभी करायला मदत करायची. विद्यापीठाने हे मान्य केलं आणि मग रिपोर्टऐवजी पडीक प्लॉटवरचा कचरा उचलण्यापासून सुरुवात झाली, मुलांसाठी खेळायची जागा झाली, पुढे घरदुरुस्ती, आणि हळूहळू मोठ्या गोष्टी.

यात पाच वर्षांची अट सगळ्यात महत्त्वाची. सेमिस्टर चार महिन्यांत संपतं, वस्तीतल्या कामाला परवानग्या, निधी, पावसाळा, निवडणुका सगळ्यातून जावं लागतं, आणि हे दोन हिशोब जुळत नाहीत. म्हणून वस्तीशी नातं त्या बॅचने नाही तर विभागाने ठेवायचं असतं. या वर्षीच्या मुलांनी पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते नोंदवलं तर पुढच्या वर्षीच्यांनी पुन्हा तेच न विचारता तिथून पुढे जायचं.

तुम्ही आता एवढं करा. पुढची टीम आली की त्यांच्या प्राध्यापकांना भेटायला बोलवा, मुलांना नाही, प्राध्यापकांना. एका पानावर लिहून घ्या: प्रश्न कोणी निवडला, माहितीची एक प्रत वस्तीत कोणाकडे राहणार, फोटो कुठे वापरणार, निकाल वस्तीत येऊन आपल्या भाषेत कधी सांगणार, आणि तारीख टाका. सही दोघांची. तुमच्या लोकांचा जो वेळ जातो त्याचं मानधन विभागाच्या बजेटमध्ये आहे का तेही विचारा, विचारायला लाजू नका, बाहेरून लेक्चर द्यायला येणाऱ्या तज्ज्ञाला मानधन मिळतंच ना, मग आपल्या वस्तीबद्दल शिकवणाऱ्या माणसाला का नको. हे पान भरून द्यायला जो विभाग तयार नाही त्याला खुशाल नाही म्हणा.

प्रश्न: मी लास्ट इयरला आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही वस्तीत दोन मीटिंग घेतल्या. दोन्ही वेळेला तेच चार-पाच जण बोलले, सगळे पुरुष आणि वयाने मोठे. बायका मागे उभ्या होत्या, थोड्या वेळाने निघून गेल्या. रिपोर्टमध्ये आम्ही 'लोकांचं मत' असं लिहिलंय पण मला ते खरं वाटत नाही.

तुला ते खरं वाटत नाही हे फार चांगलं आहे, ते वाटणं सोडू नकोस. आणि रिपोर्टमधला तो शब्द आजच बदल, 'मीटिंगमध्ये बोललेल्या काही पुरुषांचं मत' असं लिही. मार्क जाणार नाहीत, माझ्यासारखीने पेपर तपासला तर वाढतील.

मोठी मीटिंग हा लोकांना ऐकून घेण्याचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कच्चा मार्ग आहे. ज्याला चारचौघांत बोलायची सवय आहे तोच तिथे बोलतो. ब्रिटनमध्ये टोनी गिब्सन यांनी 1970 च्या दशकात यावर एक साधी पद्धत काढली, वस्तीचं पुठ्ठ्याचं मोठं मॉडेल करायचं, शक्यतो तिथल्या मुलांकडूनच, आणि ते घेऊन लोक असतात तिथे जायचं, शाळेच्या दारात, दुकानापाशी, दवाखान्याच्या व्हरांड्यात. सोबत छोटी कार्डं, दिवा, झाड, बाक, रस्ता ओलांडायची जागा, कचऱ्याचा डबा असं काय काय लिहिलेली. कोणीही येऊन आपलं कार्ड आपल्याला हवं तिथे ठेवायचं. यात भाषण करावं लागत नाही, हात वर करावा लागत नाही, कार्ड कोणी ठेवलं हेही दिसत नाही. सगळे मॉडेलवर वाकलेले असतात, एकमेकांच्या तोंडाकडे कोणी बघत नसतं, त्यामुळे भांडणही कमी होतं. आणि मुख्य म्हणजे आपलं घर सापडलं की माणूस बोलायला लागतो, हे माझं घर, इथे पाणी साचतं, इथून पोरगी शाळेत जाते.

दुसरं, चालत जा त्यांच्यासोबत. आमच्या एका गटाला मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की दिव्यांचा काही प्रश्न नाही, नवे खांब लागलेत. मग दोन मुली संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बायकांबरोबर चालल्या. खांब होते, दिवे लागलेलेही होते, पण सगळे रस्त्याच्या बाजूला तोंड करून गाड्यांसाठी, आणि फुटपाथ झाडांच्या पलीकडे पूर्ण अंधारात. बायका फुटपाथ सोडून गाड्यांच्या कडेने चालत होत्या. नकाशावर तिथे दिवा आहे अशीच खूण होती! ही माहिती कुठल्याच मीटिंगमध्ये आली नसती कारण मीटिंगमध्ये जे बोलले ते त्या वेळी त्या रस्त्याने चालत नाहीत.

वेळ बायकांना विचारून ठरव, लहान मुलांना सांभाळायला तुमच्यातलीच दोघं-तिघं ठेवा, आणि बायकांची बैठक वेगळी घ्यायला अजिबात मागेपुढे पाहू नका.

प्रश्न: वस्तीत तीन गट आहेत आणि तिघांचेही नेते म्हणतात आम्हीच वस्तीचे प्रतिनिधी. पार्टनर म्हणून कोणाला घ्यायचं?

कोणा एकाला घेऊ नका. तिघांना भेटा आणि जे तिघांच्याही मागे उभे नाहीत त्यांनाही भेटा, भाडेकरू सहसा त्यांच्यात असतात.

अमेरिकेत बॉस्टनमधल्या डडली स्ट्रीट या वस्तीची गोष्ट मुलांना नक्की सांगा. 1984-85 च्या सुमाराला एका फाउंडेशनने पुढाकार घेऊन तिथे विकासाची योजना आणली, संस्थांची समिती केली आणि लोकांसमोर मांडली. लोकांनी पहिल्याच मोठ्या सभेत विचारलं की तुमच्यातले इथे राहतात किती? आयोजकांनी ते मनावर घेतलं हे त्यांचं श्रेय, रचना बदलली, समितीत रहिवाशांचं बहुमत आलं आणि तिथल्या चार समाजांना, म्हणजे कृष्णवर्णीय, केप व्हर्डीयन (आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांवरून आलेले), लॅटिनो आणि गोरे, समसमान जागा ठेवल्या, कोणाची संख्या किती ते न बघता. निवडणूक घेऊन मंडळ निवडलं. आणि 1988 मध्ये बॉस्टन शहराने रहिवाशांच्या त्या संघटनेला तिथल्या ठरावीक भागातली पडीक खाजगी जमीन ताब्यात घ्यायचा अधिकार दिला, जो एरवी फक्त सरकारकडे असतो. आधी मंडळात कोणाला किती जागा हे नीट सोडवलं म्हणून पुढे तो अधिकार पेलता आला असं मला वाटतं. तुमच्या छोट्या कोर्समध्ये निवडणूक घेता येणार नाही, पण एखादी बैठक फक्त याच विषयावर घेता येते की इथे कोणकोण राहतं आणि त्यातलं आज कोण आलेलं नाही.

प्रश्न: मी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवतो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हे सगळं समाजकार्य आहे, नियोजन नाही. गटाराचा उतार किती ठेवायचा हे लोकांना विचारून ठरत नाही.

सर, राग कसला, हा प्रश्न आमच्या विभागातही येतो आणि तो यायलाच हवा. उतार मतदानाने ठरत नाही हे शंभर टक्के मान्य. पण गटार कोणत्या गल्लीत आधी, पैसे कोण देणार, तुंबली तर साफ कोण करणार हे प्रश्न उंच-सखल मोजायच्या लेव्हल मशीनने सुटत नाहीत, आणि बहुतेक गटारं उतार चुकल्यापेक्षा या प्रश्नांवर जास्त फसतात.

कराचीतलं ओरंगी घ्या. अख्तर हमीद खान यांनी 1980 मध्ये तिथे ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला. प्रचंड मोठी वस्ती, सांडपाणी गल्लीत उघड्यावर. लोक म्हणत होते सरकारने करावं, सरकार म्हणत होतं पैसे नाहीत. त्यांनी काम गल्लीवर आणलं, एका गल्लीत वीस-तीस घरं, एकमेकांना ओळखणारी, त्यांनी आपल्यातला एक जण निवडायचा, पैसे गोळा करायचे आणि आपली गटार आपण बांधायची. प्रोजेक्टने पैसे दिले नाहीत, दिलं ते तुमच्या विषयातलं ज्ञान: लेव्हल घेणं, नकाशा, अंदाजपत्रक, साधं केलेलं डिझाइन, अवजारं, कामावर देखरेख. डिझाइन साधं केल्याने आणि ठेकेदाराचा नफा गेल्याने खर्च एवढा उतरला की गरीब घरांना तो झेपला. आणि कामाची वाटणी स्पष्ट, घरातला संडास, गल्लीतली गटार आणि तिथून पुढची छोटी जोडगटार लोकांची, मोठे नाले आणि प्रक्रिया केंद्र सरकारचं. असं करत लाखो लोकांपर्यंत ते पोचलं. तिथे आर्किटेक्चर-इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि वस्तीतली तरुण मुलं मिळून नाल्यांचे, वस्त्यांचे नकाशे करायची. परवीन रहमान या आर्किटेक्ट बाईंनी ते काम अनेक वर्षं पुढे नेलं, शहराच्या कडेच्या गावांच्या जमिनींची नोंद केली, आणि 13 मार्च 2013 ला त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. नकाशा करणं किती गंभीर काम आहे हे मुलांना कळावं म्हणून मी त्यांचं नाव प्रत्येक बॅचला सांगते.

तर सर, तुमच्याशिवाय हा कोर्स अर्धा आहे. पॉल डेव्हिडॉफ यांनी 1965 मध्ये म्हटलं की नियोजनकार तटस्थ नसतो, एका शहरासाठी एकच सरकारी आराखडा असण्याऐवजी वेगवेगळ्या गटांनी आपापले आराखडे मांडावेत आणि त्यांना वकिलासारखा स्वतःचा तज्ज्ञ मिळावा. त्या तज्ज्ञाला उतार काढता आला नाही तर वस्तीचा आराखडा पहिल्याच सुनावणीत उडवून लावतील. एक मॉड्यूल घ्याल का तुम्ही? लेव्हल घ्यायला वस्तीतली चार मुलंही शिकतील असं.

प्रश्न: मार्क कसे द्यायचे? गटातली दोन मुलं काम करतात, बाकीची पीपीटीत नाव घालतात.

पीपीटीचे मार्क निम्म्यावर आणा, तिथूनच अर्धा प्रश्न सुटेल. प्रत्येकाची स्वतःची फील्ड डायरी ठेवा, हाताने लिहिलेली, ज्यात कोणाशी बोललो, काय ऐकलं आणि माझा आधीचा कोणता समज बदलला हे असेल, ही नक्कल करून लिहिता येत नाही. आणि थोडे मार्क वस्तीकडे द्या. सगळे नको, लोक प्रेमाने सगळ्यांना दहापैकी दहा देतात. त्यांना तीन साधे प्रश्न विचारा: हा मुलगा किंवा मुलगी सांगितलेल्या वेळेला आली का, ऐकून घेतलं का, जे परत आणून देतो म्हणाली ते दिलं का.

प्रश्न: आमच्या मुलांनी वस्तीचा घराघराचा डिजिटल नकाशा केलाय, फार सुंदर झालाय. वेबसाइटवर टाकावा का? वस्तीला ओळख मिळेल असं मुलांचं म्हणणं आहे.

अजून टाकू नका. आधी वस्तीला दाखवा.

मुलांचं म्हणणं चुकीचं नाहीये. नैरोबीमधलं किबेरा ही एवढी मोठी वस्ती, पण 2009 पर्यंत नकाशात ती जवळजवळ कोरी होती, त्या वर्षी तिथल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर वाटा, पाण्याच्या जागा, दवाखाने, शाळा भरल्या. आणि त्याआधी मुंबईत, 1985 मध्ये, जेव्हा फुटपाथवरच्या लोकांना हटवण्याचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, तेव्हा स्पार्क या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्यांना सोबत घेऊन त्यांचीच गणना केली. हे लोक आज इथे उद्या तिथे असतात, असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं. गणनेतून दिसलं की कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच जागी राहतायत आणि काम तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. त्यातूनच पुढे बायकांच्या बचत गटांचं महिला मिलन उभं राहिलं. मोजणी कोणाच्या हातात होती ते बघा, जे मोजले जात होते त्यांच्याच.

पण तोच घराघराचा नकाशा उलटही वापरता येतो. कोणतं घर नाल्याच्या हद्दीत आलंय, कोणी मजला वाढवलाय, कोणाकडे कागद नाहीत, हे सगळं कोणालाही एका क्लिकवर दिसणार असेल तर त्याची किंमत मुलं देणार नाहीत, तिथे राहणारे देतील. म्हणून मोठा प्रिंट काढून वस्तीत लावा, लोकांना दोन आठवडे बघू द्या, चुका दुरुस्त करा, आणि मग बैठकीत ठरवू द्या की वाटा, नळ, दिवे हे खुलं करायचं आणि घरांची माहिती बंद ठेवायची का. मूळ फाइल वस्तीतल्या संघटनेकडे, प्रत विभागाकडे. आणि ती उघडायला कोणता प्रोग्रॅम लागतो, त्यात बदल कसा करायचा हे तिथल्या दोन-तीन तरुणांना नीट बसून शिकवा, एका दुपारीत नाही होत ते.

प्रश्न: मॅडम, आमचा कोर्स संपला, ए ग्रेड मिळाला. वस्तीने आमच्यासोबत ठरवलेल्या सूचना आम्ही पालिकेत दिल्या आणि पुढे काहीच झालं नाही. आता तिथे जायला तोंड दाखवावंसं वाटत नाही. काय करू?

जा. काही झालं नाही हे सांगायला जा. तू काही लपवलंस असं लोकांना वाटायच्या आत जा, कारण पुढच्या बॅचला दार उघडायचं की नाही ते यावर ठरतं. लोकांना सरकारी कामाचा तुझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे, त्यांना धक्का बसणार नाही, पण तू परत आलीस याचं त्यांना अप्रूप वाटेल.

आणि मग सोबत बसून शोधा की कागद अडकला कुठे. माझा अंदाज सांगते, तुम्ही सूचना सेमिस्टर संपताना दिल्या असणार, आणि पालिकेचं बजेट त्याच्या आधीच ठरून गेलेलं असणार. हे शिकवलंच जात नाही, म्हणून प्राध्यापक मंडळींनीही ऐका: कोर्समध्ये बजेटला किमान दोन आठवडे द्या. पोर्तो अलेग्रे या ब्राझीलमधल्या शहराने 1989 पासून बजेटचा काही भाग लोकांच्या सभांमधून ठरवायला सुरुवात केली, तिथे वर्षाचं वेळापत्रकच होतं, आधी भागाभागाच्या सभा, मग निवडलेले प्रतिनिधी, आणि पैशाची वाटणी करताना लोकसंख्या किती, सुविधांची कमतरता किती आणि लोकांनी कशाला पहिला नंबर दिला हे तिन्ही धरून सूत्र. जागतिक बँकेच्या नोंदीनुसार पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली घरं 1988 मध्ये 75 टक्के होती ती 1997 मध्ये 98 टक्क्यांवर गेली. पुढे राजकारण बदललं, प्रक्रियेतली ताकद कमी होत गेली आणि 2017 मध्ये तिथेच ती थांबवली गेली. दोन्ही गोष्टी मुलांना सांगायला हव्यात, पहिली सांगून थांबलात तर त्यांना वाटेल एकदा मिळालेला अधिकार कायमचा असतो.

तुझ्यासाठी आत्ताचं काम असं. पालिकेत दिलेल्या अर्जाची पोच असेल ती शोध, नसेल तर नवीन अर्ज दे आणि पोच घे, रहिवाशांच्या सह्यांनिशी, तुझ्या एकटीच्या नाही. सगळ्या सूचना एकदम नकोत, त्यातली सगळ्यात स्वस्त आणि एकाच खात्याच्या हातात असलेली एक निवडा, ती कोणती हे वस्तीला ठरवू दे. पुढच्या बजेटसाठी मागण्या कधीपर्यंत घेतात ती तारीख काढ आणि अर्ज त्याच्या आधी जाईल असं बघ. सुनावणी असेल तर बोलायला वस्तीतल्या दोघीजणी जातील, आकडे आणि नकाशा घेऊन तू शेजारी बस. आणि तुमच्या नंतरच्या बॅचमधला एक मुलगा किंवा मुलगी आत्तापासूनच सोबत ने, म्हणजे तुला नोकरी लागून तू दुसरीकडे गेलीस तरी पुढच्या तारखेला वस्तीबरोबर कोणीतरी असेल.